दहा रुपये आणि चौकशीचा अधिकार

भिकाऱ्याला पैसे द्यावेत की नाही, या प्रश्नावर आमच्या घरात आजवर एकमत झालेले नाही आणि पुढे होईल अशी चिन्हेही नाहीत. वडिलांचे मत असे की हातीपायी धड असलेल्या माणसाला पैसे देणे म्हणजे त्याच्या आळसाला पगार सुरू करणे होय. आई शनिवारी मारुतीच्या देवळात जाताना पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात सुट्टी नाणी घेऊन निघते आणि समोर बसलेला माणूस कोण आहे, कसा आहे, याकडे फारसे पाहतही नाही. तिच्या लेखी देणे हे तिचे काम, पुढचे त्याचे तो जाणे. मी बराच काळ वडिलांच्या बाजूने होते, नंतर हळूहळू आईकडे सरकले, आणि आता मला दोघांचेही अर्धे अर्धेच पटते. एवढ्याशा नाण्याचा इतका काथ्याकूट कशाला, असे कोणी विचारील. पण ज्या प्रश्नाला रोज रस्त्यावर काही क्षणांत उत्तर द्यावे लागते, त्याचा एकदा बसून विचार करायला हरकत नसावी.

सिग्नलवर गाडी थांबते आणि काचेवर टकटक होते, तेव्हा आपण पहिल्यांदा काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. आपण त्या माणसाची तपासणी करतो. हात-पाय शाबूत आहेत का, वय किती असावे, तोंडाला वास येतो का, पायावरची जखम खरी आहे की पट्टी नुसतीच गुंडाळली आहे, कडेवरचे मूल हिचेच आहे का, अशी सगळी उलटतपासणी दिवा हिरवा होईपर्यंत मनातल्या मनात पार पडते. आरोपीला बोलण्याची संधी नसते आणि निकाल बहुधा विरोधात जातो. हाच निकष आपण इतर कोणालाही लावत नाही. दिवाळीचे पोस्त मागायला आलेल्या वॉचमनला किंवा पोस्टमनला 'हे पैसे दारूत घालणार नाहीस ना' असे विचारण्याची कोणाची प्राज्ञा नसते. हॉटेलात टीप ठेवताना वेटरच्या घरखर्चाची चौकशी आपण करत नाही. ज्या रकमेत आज मुंबईत धड वडापावही येत नाही, तेवढ्यावर मात्र आपण एका माणसाच्या चारित्र्याचा दाखला मागतो. दिलेल्या दहा रुपयांची त्याने दारू प्यायली तर काय, या प्रश्नाला माझे उत्तर आता सरळ आहे: प्यायली तर प्यायली. रात्र फुटपाथवर काढणाऱ्याने संयमात माझ्यापेक्षा वरचढ असावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार मला कोणी दिला, हे मला सांगता येणार नाही.

हा तपासणीचा स्वभाव आपल्यात आकाशातून पडलेला नाही. आपल्या कायद्यातही तो लिहून ठेवलेला आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम हा १९५९ चा कायदा सर्व भिकाऱ्यांना एकाच फूटपट्टीने मोजतो. त्यातील भीक मागण्याच्या व्याख्येत हात पसरणे तर आहेच. पण गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरतीचे खेळ करणे किंवा काही वस्तू विकायला पुढे करणे या निमित्ताने पैसे मागणेही आहे. त्याहून कमाल म्हणजे, पोट भरण्याचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकत किंवा रेंगाळत राहणाऱ्या, आणि भीक मागूनच जगत असावा असे ज्याच्या स्थितीवरून वाटते अशा माणसालाही ही व्याख्या कवेत घेते. त्याने तोंडातून एक शब्द काढलेला नसला तरी चालतो; तो गरीब दिसला की पुरे. अशा माणसाला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात, न्यायालय पहिल्या खेपेस त्याला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवू शकते, आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाते.

दिल्लीनेही हाच मुंबईचा कायदा उचलून लागू केला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे हा गुन्हा ठरवणाऱ्या त्यातील तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. माणसे हौसेने भीक मागत नाहीत, दुसरा मार्ग नसतो म्हणून मागतात, आणि अन्न-निवारा पुरवण्यात शासन स्वतः कमी पडत असताना त्या माणसांना गुन्हेगार ठरवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. महाराष्ट्रात, म्हणजे जिथे हा कायदा जन्माला आला तिथे, तो पुस्तकात आहेच. भिक्षेकरी गृहात ठेवलेल्या आणि तिथे काम करणाऱ्या भिकाऱ्यांना साठच्या दशकापासून महिन्याला पाच रुपये मेहनताना मिळत होता. तो दिवसाला चाळीस रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. काम करून कमवायला शिकवण्याची जागा म्हणून जी संस्था उभारली, तिथे कामाचे मोल साठ वर्षे महिन्याला पाच रुपये होते, हे वाचल्यावर वडिलांचा 'काम का करत नाहीत' हा प्रश्न मला सरकारलाच विचारावासा वाटला.

वडिलांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. ते गाडगेबाबांचा दाखला देतात आणि तो दाखला लेचापेचा नाही. बाबा गावात शिरले की आधी हातात खराटा घेत, रस्ते झाडत, आणि श्रम केल्यावरच भाकरी स्वीकारत. फुकट खाणे त्यांना मान्य नव्हते. पण त्यांच्या दशसूत्रीतील पहिली ओळ 'भुकेलेल्यांना अन्न' अशी आहे, आणि त्या अन्नाला कसलीही अट जोडलेली नाही. बेकारांना रोजगार हेही त्याच यादीत आहे. तो त्यांना मिळवून देण्याचे काम ज्यांच्यापाशी काही आहे अशांचे, असाच त्या यादीचा रोख आहे. बाबांनी शिस्त स्वतःला लावली आणि मोकळीक भुकेल्याला दिली. आपण बरोबर त्याच्या उलट करतो.

'धडधाकट आहेस, काम कर' हे वाक्य ज्यांना सोपे वाटते, त्यांनी सकाळी एखाद्या मजूर नाक्यावर जरा वेळ उभे राहावे. मुकादम येतो आणि पंचविशीतली, खांद्याने मजबूत दिसणारी पोरे उचलून नेतो. साठीच्या माणसाला, एका डोळ्याने अधू असलेल्याला, गावाहून नुकत्याच आलेल्या एकट्या बाईला तो हात लावत नाही. उन्हे वर आली की नाका रिकामा होतो, आणि जे उरतात त्यांच्याकडे अख्खा दिवस आणि रिकामे पोट एवढेच असते. घरकामाला बाई ठेवताना आपण आधार कार्ड मागतो, ओळखीचे कोणी आहे का विचारतो. इमारतीच्या सुरक्षा एजन्सीला पत्ता लागतो. फुटपाथ हा पत्ता कोणी मान्य करत नाही.

या कायद्याचा आणि संशयाचा सर्वाधिक मार ज्यांनी खाल्ला, त्या भटक्या जमातींचा उल्लेख या विषयात सहसा होतच नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो १९५२ मध्ये पुसला गेला आणि सातच वर्षांत भिक्षा प्रतिबंधक कायदा आला, ज्याच्या व्याख्येत डोंबारी, नंदीबैलवाले, बहुरूपी, कुडमुडे जोशी असे कितीतरी लोक अलगद बसतात. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव रंगमंचावर आला की आपण मोबाइल काढून त्याचे चित्रण करतो. तोच वासुदेव सोसायटीच्या फाटकाशी आला तर वॉचमन त्याला हटकतो, आणि कायद्याची अक्षरे पाहिली तर वॉचमनचे चुकतही नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ही माणसे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोचल्या होत्या. बाजाराचा दिवस होता. लोकांनी त्यांना पकडून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथेच मरेपर्यंत मारले. 'भिकाऱ्यांच्या टोळ्या असतात हो' हे वाक्य आपण चहा पिताना सहज टाकतो. ते वाक्य पुरेशा तोंडांतून फिरले की कुठे जाऊन पोचते, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले आहे. टोळ्या नसतातच असे मी म्हणत नाही. पण टोळीचा संशय हे खिशात हात न घालण्याचे कारण म्हणून आपल्याला फार सोयीचे पडते, एवढे खरे.

श्रीमंत भिकाऱ्यांच्या गोष्टीही अशाच सोयीच्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत हार्बर मार्गावर रेल्वेच्या धडकेने एका ऐंशी ओलांडलेल्या भिकाऱ्याचा मृत्यू झाला. पोलीस त्याच्या झोपडीत गेले, तेव्हा त्यांना नाण्यांनी भरलेल्या पिशव्या आणि पावणेनऊ लाखांच्या आसपास मुदत ठेवींच्या पावत्या सापडल्या. नाणी मोजता मोजता पोलीस थकले, अशी बातमी सगळीकडे झळकली आणि आमच्या घरातील चर्चेत वडिलांचे पारडे महिनाभर जड राहिले. मला ती बातमी वाचून निराळेच वाटले. ज्याला निवृत्तिवेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणात उशाशी बसणारे माणूस जवळ नाही, त्याने आयुष्यभर एकेक नाणे साठवून पावणेनऊ लाख जमवले, तर ते म्हातारपणाचे नियोजन झाले. आपण तेच करतो, तेव्हा त्याला काटकसर म्हणतो. एवढ्या रकमेत मुंबईत डोक्यावर छप्पर येत नाही, हे तर उघडच आहे.

आता माझ्या स्वतःच्या मतातील अडचण. पैसे देण्याविरुद्धचा खरा बळकट मुद्दा आळसाचा किंवा दारूचा नाही. तो जागेच्या आणि दिसण्याच्या किमतीचा आहे. एखाद्या देवळाच्या पायरीवर जास्त दान पडू लागले की त्या पायरीवर बसण्याचा हक्क मोलाचा होतो, त्यासाठी धक्काबुक्की होते, आणि जो सर्वांत दुबळा असतो तो मागच्या रांगेत ढकलला जातो. शिवाय आपण ज्या रूपाला पैसे देतो, ते रूप बाजारात टिकते. उघडी जखम पाहून हात सैल सुटत असेल, तर जखम झाकणे परवडत नाही. हे सगळे प्रौढ माणसाच्या बाबतीत मी एक वेळ गिळू शकते, कारण तो निदान स्वतःचा निर्णय स्वतः घेत असतो. मुलांच्या बाबतीत ते गिळता येत नाही.

मुलाच्या हातावर ठेवलेले नाणे त्या मुलाचे नसतेच. त्याची सिग्नलवरची कमाई जितकी चांगली, तितकी त्याची शाळेत जाण्याची शक्यता कमी. आणि ते जितके लहान, मळके आणि केविलवाणे, तितकी कमाई चांगली. इथे माझे दहा रुपये थेट नुकसान करतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे मुलाला भीक मागायला लावणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. त्यासाठी मुलाला अपंग केल्यास शिक्षा किमान सात वर्षे. म्हणून मुलांना पैसे न देण्याचा नियम मी करून घेतला आहे. खाऊ दिला तर चालेल, असे पूर्वी वाटे. पण बिस्किटाचा न फोडलेला पुडा परत दुकानात जातो, आणि परदेशी पाहुण्यांकडून 'बाळासाठी' मागितलेला दुधाच्या भुकटीचा डबा तर कुलाब्याच्या फुटपाथवरून त्याच दुकानाच्या फळीवर जातो, हे आता मुंबईत बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे खाऊ द्यायचाच तर तो सोलून, फोडून, समोर खाण्याजोगा द्यावा, हा शहाणपणा आईने तिच्या मैत्रिणींकडून उचलला आहे आणि तो मला पटतो. मुलांसाठीच्या मदतवाहिनीला १०९८ या क्रमांकावर कळवता येते. पण मी कळवल्यावर ते मूल आईपासून तुटून एखाद्या बालगृहात जाणार असेल, तर मी नेमके काय केले, याचा घोर लागतोच.

आणि मुलाला कडेवर घेतलेली आई समोर आली की माझे दोन्ही नियम एकमेकांवर आदळतात. तिला प्रौढ मानावे तर द्यायला हवे, मुलाला मोजावे तर देऊ नये. दुपारच्या कडक उन्हात, हॉर्नच्या गदारोळात मूल गाढ झोपलेले दिसले की मला भलत्या शंका येतात. आणि ते मूल रात्रभर फुटपाथवर जागे राहिले असेल, तापाने ग्लानीत असेल, हेही तितकेच शक्य असते. यावर मला नियम सापडलेला नाही. कधी देते, कधी देत नाही, आणि दोन्ही वेळा पुढच्या सिग्नलपर्यंत तोच विचार डोक्यात राहतो.

आईच्या बाजूवर माझा आक्षेप वेगळा आहे. ती चौकशी करत नाही, हे उत्तमच. पण ती त्या माणसाकडे पाहतही नाही. आपल्याकडे दान बहुतेक वेळा देणाऱ्याच्या गरजेतून होते. ग्रहण सुटताना गल्लीतून 'दे दान, सुटे गिराण' अशी हाळी यायची आणि घराघरांतून जुनेरे, धान्य, नाणी बाहेर पडायची. पीडा आपली टळायची असायची, घेणारा फक्त ती वाहून नेणारा. शनिवारी सिग्नलवर तेलात बुडवलेली शनीची पत्र्याची मूर्ती घेऊन फिरणाऱ्या मुलांना मिळणारे पैसे त्याच जातीचे. देणाऱ्यांच्या वारांप्रमाणे मागणाऱ्यांचा आठवडाही आखलेला असतो: मंगळवारी सिद्धिविनायक, बुधवारी माहीमच्या चर्चची नोव्हेना प्रार्थना, गुरुवारी दत्ताचे नाहीतर स्वामींचे मठ, शुक्रवारी दर्गा, शनिवारी मारुती. मुंबईचे सर्वधर्मीय पंचांग या माणसांइतके कोणाला पाठ नसेल. यात माझी काही तक्रार नाही. पुण्याच्या लोभाने का होईना, कोणाच्या तरी पोटात चार घास जातात. पण अशा दानात समोरच्याचे नाव विचारले जात नाही, आणि पुढच्या शनिवारी तो पायरीवर नसला, तर तो गेला कुठे, असे कोणी म्हणत नाही.

माहीमच्या दर्ग्याजवळ काही खानावळी आहेत. त्यांच्या दारासमोर भुकेली माणसे रांगेने उकिडवी बसलेली असतात. येणारा-जाणारा गल्ल्यावर दहा जणांचे, वीस जणांचे पैसे भरतो आणि मालक रांगेतील तितक्यांना आत घेऊन, नाहीतर तिथेच, जेवू घालतो. देणारा निघून गेलेला असतो, घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही, पैसे दारूत जाण्याचा प्रश्न मिटतो. प्रथम पाहिले तेव्हा मला वाटले, इतक्या वर्षांच्या वादाला इथे उत्तर मिळाले. मग लक्षात आले की रांगेतील माणूस कोणीतरी धर्मात्मा येईल म्हणून तासन् तास बसून असतो आणि रमजानात जेवढे दाते येतात तेवढे इतर महिन्यांत येत नाहीत. तरीही, मला माहीत असलेल्या पद्धतींत ही सर्वांत कमी अपमानाची आहे.

गेल्या काही वर्षांत शासनाने निराळीच वाट धरलेली दिसते. मार्च २०२३ मध्ये नागपुरात पाहुणे येणार म्हणून चौकाचौकांत भीक मागण्यावर पोलिसांनी जमावबंदीच्या कलमाखाली मनाई केली. १ जानेवारी २०२५ पासून इंदूरमध्ये तर भीक देणाऱ्यावरच गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला आणि थोड्याच दिवसांत देवळासमोर दहा रुपये देणाऱ्यावर तो नोंदवलाही गेला. एप्रिल २०२५ मध्ये शिर्डीतून पकडून विसापूरच्या भिक्षेकरी गृहात नेलेल्यांपैकी चौघांचा अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात मृत्यू झाला. शहर भिकारीमुक्त करायचे म्हणजे भिकारी दिसेनासे करायचे, एवढाच अर्थ यातून निघतो. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर रस्त्यांवरील भिकाऱ्यांना हटवण्याची मागणी आली, तेव्हा असा अभिजनवादी दृष्टिकोन आम्ही घेणार नाही, शिक्षण आणि रोजगाराच्या अभावी माणसे रस्त्यावर येतात, असे न्यायमूर्तींनी सुनावले होते. ते जिल्हाधिकारी कार्यालयांपर्यंत पोचायला वेळ लागेल असे दिसते.

मग माझ्यासारख्याने करायचे काय? दहा रुपये द्यायचे असतील तर द्यावेत, नसतील तर डोळ्याला डोळा देऊन 'नाही हो बाबा' म्हणावे. काचेकडे पाहत मोबाइल चाळू नये. यूपीआय आल्यापासून 'सुट्टे नाहीत' ही जुनी थाप आता बहुतेकांच्या बाबतीत खरीच ठरली आहे, तेव्हा थोडी नाणी मुद्दाम जवळ बाळगावी लागतात. पण जो माणूस रोज त्याच जागी दिसतो, त्याच्यासाठी नाण्यापलीकडचे एक काम करता येते: त्याला तहसील कार्यालयात घेऊन जाणे. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि पासष्टीपुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना या महाराष्ट्रात आहेत आणि त्यांत दिव्यांग सोडून इतरांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. आमच्या वस्तीच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या एका आजींसाठी मी हे करून पाहत आहे. राज्यात पंधरा वर्षे राहिल्याचा पुरावा लागतो. आजी मुंबईत चाळीस वर्षे आहेत, पण पुलाखाली. त्यामुळे पुरावा नाही. वयाचा दाखला नाही, म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्याकडून वय ठरवून घ्यावे लागले. आधारच्या पडताळणीत बोटांचे ठसे भांडी घासून घासून झिजल्यामुळे यंत्र ओळखत नाही.

सध्या आमची गाडी उत्पन्नाच्या दाखल्याशी अडली आहे. योजनेची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, म्हणजे दिवसाला सत्तावन्न रुपये. आजींना गुरुवारी मठाबाहेर याहून जास्त मिळतात आणि त्या हे कोणापासून लपवत नाहीत. खिडकीवरच्या कारकुनाने विचारले, "आजी, रोजचं किती पडतं हातात?" आणि त्यांनी अगदी प्रामाणिकपणे हिशेब सांगायला सुरुवात केली. मी त्यांचा हात दाबला आणि "काही ठरलेलं नसतं साहेब" असे मध्येच म्हटले. कारकुनाने माझ्याकडे पाहिले, रकाना कोरा ठेवला आणि पुढच्या सोमवारी तलाठ्यांना भेटायला सांगितले.